हातातली प्रत

कोणतेही नवे साधन आले की जुन्याचा मृत्युलेख लिहिण्याची घाई आपल्या काळाला फार असते. आज गाणे ऐकण्यासाठी तबकडी लागत नाही, फीत लागत नाही, घरात काही साठवूनही ठेवावे लागत नाही. मोबाईलवर बोट टेकवले की दूरच्या कुठल्याशा संगणकातून गाणे वाहत येते. या सोयीला स्ट्रीमिंग म्हणतात. ती घरोघरी पोहोचल्यापासून सीडी आणि एमपीथ्री ही नावे भूतकाळात जमा झाली, असे बहुतेकांनी गृहीत धरले आहे. वस्तुस्थिती तशी नाही. १९८२ साली बाजारात आलेली सीडी आजही निघते, आणि १९९५ साली ज्याचे नाव ठरले तो एमपीथ्री आजही रिक्षातील स्पीकरपासून चर्चच्या ध्वनिक्षेपकापर्यंत सर्वत्र वाजतो. ही दोन रूपे का टिकली, त्यांच्या बरोबरीने आलेली इतर रूपे का गेली, आणि या टिकण्या-जाण्याशी आपल्या समाजाच्या गाण्यांचा संबंध काय, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

ध्वनी म्हणजे हवेचे कंपन. जुन्या ध्वनिमुद्रिकेत या कंपनाचे चित्र खाचेच्या रूपाने कोरलेले असे. कॅसेटमध्ये तेच चित्र चुंबकीय कणांच्या रचनेत उतरलेले असे. डिजिटल पद्धतीत चित्र नसते, मोजमाप असते. ध्वनीची पातळी सेकंदाला हजारो वेळा मोजायची आणि ते आकडे लिहून ठेवायचे, एवढीच ती कल्पना. ॲलेक रीव्हज या इंग्रज अभियंत्याने पॅरिसमध्ये काम करीत असताना १९३७ साली ती मांडली, तीही संगीतासाठी नव्हे, तर टेलिफोनवरील संभाषण दूरवर स्वच्छ पोहोचावे म्हणून. चित्राची नक्कल केली की प्रत्येक नकलेत ते थोडे पुसट होते. कॅसेटवरून कॅसेट भरून घेतलेल्या पिढीला हे सांगायला नको. आकड्यांची नक्कल मात्र मुळाबरहुकूम करता येते. शंभरावी प्रत पहिल्या प्रतीइतकीच अस्सल असते. डिजिटल संगीताच्या टिकाऊपणाचे बीज या गुणात आहे.

सेकंदाला किती वेळा मोजायचे, हा पुढचा प्रश्न. माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. जो आवाज टिपायचा त्याच्या कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेळा मोजमाप केले तर तो पूर्णपणे हाती लागतो, हे हॅरी नायक्विस्ट यांच्या १९२८ च्या आणि क्लॉड शॅनन यांच्या १९४९ च्या लेखनातून स्पष्ट झाले होते. म्हणजे चाळीस हजारांहून अधिक मोजमापे हवीत. सीडीसाठी प्रत्यक्षात ४४,१०० हा आकडा ठरला, त्यामागे मात्र निव्वळ व्यवहार होता. १९७० च्या दशकात एवढे आकडे साठवू शकेल असे सोयीचे यंत्र म्हणजे व्हिडिओ रेकॉर्डर. चित्राच्या प्रत्येक ओळीत तीन मोजमापे, प्रत्येक अर्धचित्रात वापरण्याजोग्या २४५ ओळी आणि सेकंदाला ६० अर्धचित्रे, यांचा गुणाकार ४४,१०० होतो. युरोपातील दूरदर्शन पद्धतीत २९४ ओळी आणि ५० अर्धचित्रे घेतली तरी उत्तर तेच येते. ते व्हिडिओ रेकॉर्डर केव्हाच अडगळीत गेले. त्यांच्या फितीवरून ठरलेला आकडा मात्र राहिला, आणि आज स्ट्रीमिंगने येणारी पुष्कळशी गाणीही सेकंदाला ४४,१०० मोजमापांचीच असतात. म्हणजे जे जुने झाले असे आपण म्हणतो, ते नव्याच्या पायातच बसलेले आहे.

हॉलंडमधील फिलिप्स कंपनीने मार्च १९७९ मध्ये लेझर किरणाने वाचल्या जाणाऱ्या तबकडीचे प्रात्यक्षिक दाखवले. जपानमधील सोनी कंपनी डिजिटल ध्वनिमुद्रणात पुढे होती. दोघींनी परस्परांशी लढत बसण्याऐवजी एकत्र बसून १९८० साली एक समान नियमपुस्तिका तयार केली. मुखपृष्ठाच्या रंगावरून ती ‘रेड बुक’ या नावाने ओळखली जाते. बारा सेंटीमीटर व्यास, सुमारे ७४ मिनिटांचे संगीत आणि प्रत्येक मोजमापाला १६ बिट, म्हणजे आवाजाच्या ६५,५३६ पातळ्या, असे सारे काही त्यात नमूद होते. फिलिप्समधील लू ओटेन्स या अभियंत्याचा या कामात मोठा वाटा होता. १९६३ साली जगाला कॅसेट दिली तीही त्यांच्याच चमूने; आपल्याच अपत्याला मागे सारणाऱ्या साधनाच्या जन्मालाही त्यांनी हात लावला. २०२१ साली ते निवर्तले.

पहिल्या व्यापारी तबकड्या ऑगस्ट १९८२ मध्ये जर्मनीतील हॅनोव्हरजवळच्या लांगेनहागेन येथील कारखान्यात निघाल्या, आणि १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये सीडी वाजवणारे यंत्र विक्रीस आले. चकाकणाऱ्या त्या तबकडीवर आतून बाहेर जाणारी एकच सर्पिल रेघ असते. तिचे दोन फेरे एकमेकांपासून मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या जेमतेम दीडपट अंतरावर असतात, आणि ती उलगडली तर तिची लांबी पाच किलोमीटरहून अधिक भरेल. एवढ्या सूक्ष्म लेखनावर धुळीचा कण बसला किंवा ओरखडा उठला तर काय, या प्रश्नाचे उत्तर अभियंत्यांना गणितात सापडले. अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोघांनी १९६० साली चुका दुरुस्त करणाऱ्या संकेतांची एक रीत मांडली होती. तिच्या आधारे सीडीवर मूळ आकड्यांबरोबर त्यांचा ताळाही अशा खुबीने विखरून लिहिला जातो की, सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा मजकूर सलग गेला तरी यंत्र तो पुन्हा जसाच्या तसा उभा करते. तबकडी टिकली ती तिला ओरखडे पडत नाहीत म्हणून नव्हे. ओरखडे पडणारच हे गृहीत धरून ती लिहिली गेली म्हणून.

सीडीच्या भरभराटीच्या काळातील एका घटनेची नोंद येथे करणे अगत्याचे आहे. स्पेनमधील सांतो दोमिंगो दे सिलोस या मठातील बेनेडिक्टाइन संन्याशांनी गायिलेल्या ग्रेगोरियन गायनाची ध्वनिमुद्रणे पूर्वीच झालेली होती. १९९४ साली ती अमेरिकेत ‘चांट’ या नावाने सीडीवर आली आणि लोकप्रिय संगीताच्या विक्रीच्या यादीत थेट तिसऱ्या स्थानापर्यंत जाऊन पोहोचली. वाद्यांची साथ नाही, भाषा लॅटिन, आणि गायन शेकडो वर्षांपूर्वीचे! हे गायन तोपर्यंत तरले होते ते मठामठांतून हाताने उतरवलेल्या पोथ्यांमुळे. अकराव्या शतकात ग्विदो द’अरेझ्झो या बेनेडिक्टाइन संन्याशाने स्वर ओळींवर मांडण्याची पद्धत रूढ केली, आणि एका मठातील गाणे न ऐकताही दुसऱ्या मठात गाता येऊ लागले. स्वरलेखन हीदेखील एक साठवणच. तिच्यावर कोणाची मालकी नव्हती, ती शिकणाऱ्याला खुली होती, म्हणूनच ती हजार वर्षे चालली.

आता एमपीथ्रीकडे वळू. सीडीवरील संगीताला सेकंदाला चौदा लाखांहून अधिक बिट लागतात. टेलिफोनच्या तारेतून एवढा ओघ नेणे १९८० च्या दशकात अशक्य होते. जर्मनीतील एर्लांगेन येथे कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी मानवी श्रवणाच्या एका मर्यादेचा आधार घेतला. ढोल वाजत असताना जवळच्या बासरीचा मंद स्वर कानाला कळत नाही. जे कळणारच नाही ते लिहायचे कशाला? असे वगळत गेल्यावर सेकंदाला एक लाख अठ्ठावीस हजार बिटांत, म्हणजे अकराव्या हिश्शात, गाणे मावू लागले. ही रीत पारखण्यासाठी ब्रांडेनबुर्ग यांनी सुझान व्हेगा या गायिकेचे साथीशिवायचे एक गीत पुन:पुन्हा ऐकले, कारण एकट्या मानवी आवाजातील दोष लपत नाही. १९९२ साली ही पद्धत आंतरराष्ट्रीय मानकात समाविष्ट झाली, आणि १४ जुलै १९९५ रोजी तिच्या फायलींना ‘एमपीथ्री’ हे शेपूट लावण्याचे ठरले.

पुढील इतिहास सर्वांना ठाऊक आहे. १९९९ साली नॅपस्टरने गाण्यांची फुकट देवाणघेवाण सुरू केली आणि २००१ साली न्यायालयीन लढाईत ते बंद पडले. त्याच वर्षी ॲपलचा आयपॉड आला. त्याचे उत्पादन २०२२ साली थांबले. आपल्याकडे एमपीथ्रीचा प्रसार झाला तो मात्र महागड्या यंत्रांनी नव्हे, तर मोबाईल दुरुस्तीच्या लहानशा दुकानांनी. मेमरी कार्ड द्यावे आणि त्यात शेकडो गाणी भरून घ्यावीत, हा परिपाठ गावोगावी होता. कलावंतांच्या हक्काच्या दृष्टीने त्यात गैर पुष्कळ होते, हे मान्य करावेच लागेल. २०१७ साली एमपीथ्रीवरील एकस्वांची मुदत संपत आली आणि त्याचा परवाना देणाऱ्या फ्राउनहोफर संस्थेने ती योजना थांबवली. काही वृत्तपत्रांनी तेव्हा एमपीथ्री मेला असे जाहीर केले. वस्तुतः झाले ते उलटे. परवाना संपला म्हणजे बंधन संपले. त्या दिवसापासून एमपीथ्री कोणीही, कोणालाही न विचारता वापरावा असा झाला.

याच घराण्यातील जी भावंडे गेली त्यांच्याकडेही पाहू. १९८७ साली आलेली डिजिटल फीत सामान्य घरात कधी पोहोचलीच नाही. फिलिप्सने १९९२ साली आणलेली डिजिटल कॅसेट १९९६ पर्यंत बंद झाली. सोनीची मिनीडिस्क त्याच साली आली आणि जपानमध्ये रुजली. परंतु तिची यंत्रे २०१३ साली बंद झाली आणि कोऱ्या तबकड्याही फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबल्या. मायक्रोसॉफ्टच्या एमएसएन म्युझिक या दुकानातून लोकांनी विकत घेतलेल्या गाण्यांना डिजिटल कुलूप होते. २००८ साली त्या कुलपांच्या किल्ल्या देणे बंद करण्याचे कंपनीने जाहीर केले, तेव्हा पैसे मोजलेली गाणी नव्या संगणकावर नेता येणार नाहीत हे ग्राहकांच्या लक्षात आले. ओरड झाल्यावर काही वर्षांची मुदत मिळाली, एवढेच. यांपैकी कोणाचा आवाज वाईट होता असे नाही. जे रूप एकाच कंपनीच्या दाराशी बांधलेले होते ते त्या दाराबरोबर मिटले. जे अनेकांच्या यंत्रांत आणि अनेकांच्या हातांत गेले ते उरले. आमच्या मते टिकण्याचे खरे कारण हेच आहे.

स्ट्रीमिंगला आम्ही नावे ठेवीत नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये युरोपात स्पॉटिफाय सुरू झाले आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ते भारतात आले. पूर्वी ज्या ध्वनिमुद्रिका पाहायलाही मिळत नसत, त्या आज खेड्यातील विद्यार्थी ऐकू शकतो, हा लाभ थोडा नाही. तथापि येथे आपण गाणे घेत नाही, ऐकण्याची मुभा घेतो, आणि दिलेली मुभा परत घेता येते. मार्च २०२३ मध्ये करार संपल्यामुळे झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून उतरली. जानेवारी २०२४ च्या अखेरीस रेसो ही सेवा भारतातून गेली, आणि त्याच वर्षी एअरटेलने विंक म्युझिक गुंडाळण्याचे जाहीर केले. वर्षानुवर्षे जमवलेल्या याद्या अशा वेळी एका रात्रीत निरर्थक होतात. त्याहून गंभीर घटना मायस्पेसची. सेवा एका यंत्रणेवरून दुसरीवर हलवताना, २००३ ते २०१५ या काळात तेथे ठेवलेले संगीत नष्ट झाल्याचे २०१९ साली उघड झाले. सुमारे पाच कोटी गाणी गेली, असे तेव्हा सांगण्यात आले. ती बहुतांशी होतकरू कलावंतांची होती, आणि ज्यांनी स्वतःजवळ प्रत ठेवली नव्हती त्यांचे काम कायमचे गेले.

लोकांना हे अंतर्यामी कळते, असे बाजाराचे आकडे सुचवतात. अमेरिकेत २००० साली ९४ कोटींहून अधिक सीडी वितरित झाल्या होत्या. २०२० साली त्या तीन कोटींच्या आसपास आल्या. परंतु २०२१ साली ही संख्या साडेचार कोटींच्या पुढे गेली, आणि २००४ नंतर प्रथमच तिच्यात वाढ झाली. ती लाट पुढे ओसरली हे खरे, पण सीडी शून्यावर आली नाही. जपानमध्ये तर स्ट्रीमिंगचे युग सुरू झाल्यावरही कितीतरी वर्षे संगीताच्या उत्पन्नाचा मोठा वाटा तबकड्यांचाच राहिला. आपल्या देशात सारेगामा कंपनीने २०१७ साली कारवां नावाचे रेडिओसारखे दिसणारे यंत्र आणले. त्याच्या पोटातच पाच हजार जुनी गाणी भरलेली होती. त्याला इंटरनेट लागत नव्हते. घरातील वडीलधाऱ्यांसाठी अनेकांनी ते विकत घेतले. बटण फिरवले की गाणे लागते, आणि उद्याही तेच लागेल अशी खात्री असते. या खात्रीसाठीच माणसे पैसे मोजतात.

येथवरचा इतिहास आम्ही सांगितला तो आपल्या घरच्या प्रश्नाकडे येण्यासाठी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेविषयीचे संविधान प्रसिद्ध केले आणि लोकभाषेतील उपासनेचा मार्ग मोकळा झाला. त्यानंतर मराठीत मिस्सागीते, भक्तिगीते, नाताळगीते, दुःखसहनाची गीते विपुल रचली गेली. वसईपासून उत्तनपर्यंतच्या धर्मग्रामांतील गायकवृंदांनी ती आधी कॅसेटवर, मग सीडीवर, पुढे पेनड्राईव्हवर उतरवली. त्यांच्या बरोबरीने लग्नातली गाणी, सामवेदी आणि वाडवळी बोलीतील गाणी, तियात्र-नाटकांतील पदेही कोठे कोठे ध्वनिमुद्रित झाली. यांतले फार थोडे मोठ्या सेवांवर सापडते, आणि जे सापडते त्यावर गीतकाराचे नाव असेलच असे नाही. व्यापारी कंपनीला आपल्या चारशे प्रतींच्या गाण्याची चिंता असण्याचे कारणही नाही.

शिवाय घरगुती सीडीचा एक दोष लक्षात घेतला पाहिजे. कारखान्यात दाबून काढलेल्या तबकडीवर लिखाण प्लास्टिकमध्येच उमटलेले असते. संगणकावर भरलेल्या तबकडीवर मात्र ते रंगद्रव्याच्या पातळ थरात जळून उमटते. उष्णता, ऊन आणि दमट हवा यांनी हा थर फिका पडतो. आपल्या किनारपट्टीवर हे तिन्ही शत्रू बारमाही आहेत. शिवाय नव्या संगणकांना सीडीचा कप्पाच नसतो. सीडी हे रूप टिकले म्हणून आपल्या कपाटातील सीडी टिकेल, असा अर्थ कोणी काढू नये. रूपाला आयुष्य मिळते ते जगाच्या सहमतीमुळे. प्रतीला आयुष्य मिळते ते केवळ तिच्या पुढच्या प्रतीमुळे.

आपल्या मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या आरंभीच हा धडा लिहिलेला आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६, १६४९ आणि १६५४ असे तीन वेळा छापले गेले. त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. मुद्रण हे त्या काळचे सर्वांत नवे साधन. ते या ग्रंथाला वाचवू शकले नाही. वाचवले ते हाताने नकला करणाऱ्या अनामिक श्रद्धावंतांनी. त्या हस्तलिखितांच्या आधारेच १९०७ साली मंगळूर येथे जे. एल. सल्डाना यांनी ग्रंथ पुन्हा छापला. देवनागरीतील एक हस्तलिखित लंडनमधील मार्सडेन संग्रहात निघाले, आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती पुण्याहून प्रसिद्ध झाली. कोणा एकाने प्रत उतरवताना कंटाळा केला असता तर आपला आद्य कवी आपल्याला केवळ नावाने ठाऊक असता.

म्हणून आम्हांस सुचवावेसे वाटते ते असे. प्रत्येक धर्मग्रामातील चार तरुणांनी एकत्र येऊन घरोघरच्या कॅसेटी आणि सीडी मागून घ्याव्यात व त्या संगणकावर उतरवाव्यात. मूळ ठेवीसाठी एमपीथ्री वापरू नये, कारण त्यात वगळलेला भाग पुन्हा मिळत नाही; वेव्ह किंवा फ्लॅक या पूर्ण स्वरूपात गाणे ठेवावे, आणि एमपीथ्री वाटपासाठी करावा. एक प्रत चर्चमध्ये, दुसरी अन्यत्र, तिसरी दूरच्या गावी असावी, आणि दर काही वर्षांनी ती नव्या साधनावर उतरवावी. गीतकार, संगीतकार, गायक, वर्ष आणि प्रसंग यांची नोंद प्रत्येक गाण्याबरोबर असावी. रचनाकार हयात असतील तर त्यांची, नसतील तर त्यांच्या वारसांची परवानगी घ्यावी. हे सारे झाल्यावर ती गाणी स्ट्रीमिंगवरही अवश्य जावीत. परदेशी गेलेल्या आपल्या मुलांना ती तेथेच भेटतील. क्रम मात्र हाच असावा: आधी हातातली प्रत, मग वाहते गाणे.

या कामाला मोठा निधी लागत नाही, चिकाटी लागते. ज्यांनी ही गीते रचली त्यांच्यापैकी कितीतरी जण आज वृद्ध आहेत. कोणते कडवे कोणी लिहिले, कोणत्या सणासाठी चाल बांधली, हे त्यांना अजून आठवते. तबकडीवरचा रंग आणि माणसाची आठवण, दोन्ही एकाच वेगाने फिकी होत आहेत. येत्या पावसाळ्यापूर्वी कपाटे उघडली जावीत, एवढीच आमची वाचकांना विनंती आहे.